ओटमारचं साळिंदर

बोखुममध्ये ट्राम चालवणारा ओटमार ब्रुगमान बोलिंगमध्ये सुमारच होता, पण त्याच्या बोलिंग मंडळात कोणाचाही वाढदिवस असला की पावाला लावून खायला त्याचं साळिंदर लागायचंच. बारीक कांदा घातलेल्या डुकराच्या कच्च्या खिम्याचं अंग, ऑलिव्हचे डोळे आणि पाठभर खाऱ्या, कुरकुरीत बिस्किटकाड्यांचे काटे. सव्वीस वर्षं तो ते ताट मिरवत आणायचा आणि कौतुक करून घ्यायचा. करायची मात्र त्याची बायको, इर्मगार्ड.

यंदा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. "काटे अगदी घरातून निघायच्या वेळी टोच," तिने बजावलं होतं. ओटमारने सकाळीच टोचून काम हातावेगळं केलं. संध्याकाळी मंडळात त्याने ताटावरचा कपडा काढला, तर काड्यांनी ओल धरून माना टाकल्या होत्या.

"काय रे, साळिंदर म्हणायचं की भिजलेलं मांजर?" मंडळातल्या क्नुटने विचारलं. सगळे हसले.

"चूक माझी," इर्मगार्ड घाईने म्हणाली. "मीच त्याला सकाळी टोचायला लावलं."

ओटमारची कानशिलं तापली. इतकी वर्षं तिचं श्रेय आपण घेतलं, आणि आता आपला दोषही तीच घेते आहे.

"ती खोटं बोलतेय," तो ताटाकडे बघत म्हणाला. "तिने नको म्हणून सांगितलं होतं. आजवरची सगळी तिनेच केली. हे एवढं माझं."



"आम्हाला ठाऊक होतं रे," क्नुटची बायको वाल्ट्राउट म्हणाली. "तुझ्या हातांना कधी कांद्याचा वास आला नाही."

ओटमारने हात टेबलाखाली घेतले. आज त्यांना वास येत होता.