गादीच्या पोटातली धग

प्रयोगशाळेत तिला सगळे नापासबाई म्हणत, तेही तोंडावर. बावीस वर्षं ती एकच काम करत होती: गादीच्या नमुन्यावर पेटती सिगारेट ठेवायची, तासभर समोर बसायचं आणि मग कापून बघायचं, आत कुठवर जळलंय. बाईने जन्मात सिगारेट ओढली नाही, पण कोपऱ्यावरचा टपरीवाला तिला बघितलं की न मागता दोन पाकिटं पुढे सरकवायचा. स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही.

धाकट्या बहिणीचा नवरा गाद्या बनवायचा. तो आणि नापासबाई एकमेकांना पाण्यात पाहत. वृद्धाश्रमाला दोनशे गाद्या द्यायच्या तर तिची सही हवी, म्हणून तो खुर्ची ओढून समोरच बसला. त्याच्या नमुन्यावरची सिगारेट विझली. वर अंगठ्याएवढा काळा डाग, धुराचा पत्ता नाही. झालं की, करा सही, म्हणाला. तिने तास पुरा भरू दिला आणि सुरी घातली. आत वीतभर कापूस जळून गेला होता आणि वारा लागताच त्याच्या कडा लाल झाल्या.

"ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला, "सही झाली नाही तर बहीण तुमच्या दारात येऊन बसेल. कायमची."

हा माणूस बोलेल तसं करणारा होता. अहवाल कोरा ठेवून ती घरी गेली. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी बहीण आली ती भांडायलाच. तुला माझं चांगलं कधी बघवलंच नाही, एवढ्याशा डागापायी माझा संसार मोडायला निघालीस, असं बरंच काही बोलली. सही करून टाकावी, असंही नापासबाईच्या मनात येऊ लागलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, की निदान पोरांना तरी त्या गाद्यांवर झोपवू नकोस.

"आमच्या घरात त्या नाहीतच," बहीण फणकारली. "ह्यांनी पहिल्याच वर्षी सगळ्या बाहेरून आणल्या. आमच्या पोरांचा जीव काय रस्त्यावर पडलाय?"

नापासबाईने उठून दार उघडलं.

"बॅग भरून ठेव. उद्या दहा वाजता मी नापास लिहिणार आहे. आलीस तर माझ्या घरात जागा आहे, पण माझ्याशी बोलायचं नाही."