पुण्याला जाणारे मेसेज

आजोबा गेले तेव्हा वीजबिलावरचं नाव बदलून घ्यायला आत्या गेली होती. रांगेत ती उभी राहिली, मृत्यूचा दाखला तिनं दिला आणि नाव लावून आली ते थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या काकांचं. मोबाइल नंबरही त्यांचाच. काका तेव्हाही पुण्यात राहत होते, आजही राहतात. "थोरला असताना माझं नाव बरं दिसत नाही. दादाला वाटेल, आपल्याला घरातून काढलं," असं ती म्हणाली होती. बनारसमधल्या मराठी घरांत ही रीत जुनी आहे. जे गाव सोडून गेले त्यांची नावं बिलावर राहतात आणि जे राहिले ते बिल भरतात. याला आमच्याकडे मान ठेवणं म्हणतात.

राजा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. आईवडील गेल्यावर तिथं आत्या आणि मी अशा दोघीच उरलो. वडील बँकेत कारकून होते आणि संघटनेचं काम करायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवरून. मला 'कमळ' लिहिता येण्याआधी 'निषेध' वाचता येत होता. आत्यानं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आजी-आजोबांची दुखणी शेवटपर्यंत तिनंच काढली. काका श्राद्धाला यायचे, घाटावर फोटो काढायचे आणि परत जायचे.

करोनानं आत्याची फुप्फुसं निकामी केली. उन्हाळ्यात ती ऑक्सिजनच्या मशीनशिवाय बराच वेळ काढू शकते. थंडीत नाही. नदीवरून दाट धुक्याचा कोहरा येतो, गल्लीत शेकोट्यांचा धूर त्याच्याखाली दबून राहतो आणि तिला दिवसभर नाकात नळी घालून बसावं लागतं. मशीन चालतं विजेवर. म्हणजे आमच्या घरात लाइट जाणं आणि इतरांच्या घरात लाइट जाणं ही एकच गोष्ट नाही.

वीज कार्यालय हिवाळ्यात ग्राहकांना मेसेज पाठवतं. कुठल्या दिवशी तारा बदलायला वीज बंद राहील, घरात मशीनवर कोणी रुग्ण असेल तर कुठं कळवायचं, हीटर आणि गीझर एका बोर्डावर लावू नका, बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवू नका. उपयोगी मेसेज असतात, हे मी मान्य करते. ते सगळे पुण्याला जातात. काका सवडीनं ते घरच्या ग्रुपवर टाकतात, गुलाबाच्या शुभ सकाळींच्या मधोमध.

गेल्या थंडीतल्या एका सकाळी वीज गेली. नेहमीसारखी येईल म्हणून आम्ही इन्व्हर्टरवर राहिलो. तो जुना, त्यानं थोड्या वेळातच मान टाकली आणि मशीन ओरडायला लागलं. राखीव सिलिंडरमध्ये तळाशी काही उरलं होतं तेवढंच. आधी कळलं असतं तर तो मी आदल्या दिवशी भरून आणला असता. मी आत्याला उशांना टेकवून बसवलं, नळी सिलिंडरला जोडली, शेजारच्या चाचींना तिच्यापाशी बसवलं आणि भरलेला सिलिंडर आणायला निघाले. गल्लीत रिक्षा शिरत नाही. सोनारपुऱ्याच्या रस्त्यापासून मी आणि शेजारचे चाचा तो लोखंडी सिलिंडर उचलून आणत होतो. चाचा धापा टाकत म्हणाले, "बिटिया, मैसेज नहीं आया था?"

"पुणे गया था."

"हमारा दादाजी के नाम पे है. ऊपर गया होगा."

दोघंही हसलो नाही. घरी पोचलो तेव्हा आत्याचे ओठ निळे पडले होते आणि चाची तिचे हात चोळत होत्या. नळी जोडल्यावर तिला बोलता यायलाही वेळ लागला. वीज संध्याकाळी आली. त्याआधी, दुपारचं जेवण झाल्यावर, काकांनी ग्रुपवर मेसेज टाकला होता: आज दिवसभर पुरवठा बंद, रुग्ण असलेल्यांनी पर्यायी व्यवस्था ठेवावी. खाली त्यांनी हात जोडल्याचं चित्रही लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाबूनं कॉम्प्युटरकडे पाहून सांगितलं, "नंबर बदल जाएगा, दो मिनट का काम है. पुराने नंबर पर ओटीपी जाएगा, वो बता दीजिए."

"पुराना नंबर पुणे में है."

"तो फोन कर लीजिए. चाचा ही तो हैं, दुश्मन थोड़े हैं."

मी तिथूनच फोन लावला. काका म्हणाले, "बाळ, ओटीपी कोणाला सांगायचा नसतो. बँकवाले रोज बजावतात."

"काका, हा बँकेचा नाही. विजेचे मेसेज माझ्या फोनवर यावेत एवढ्यासाठी आहे. नाव तुमचंच राहील."

"आज नंबर, उद्या नाव, परवा घर. असंच होतं. मी पाहिलंय."

"आत्याचा जीव जाता जाता राहिला."

"मग तिला इकडे आण म्हटलं तर ती येत नाही. आणि तुझ्या बापानं जन्मभर पत्रकं वाटली, त्यातून काय झालं ते तूही पाहिलंयस."

रागानं मी वडिलांनी केलं असतं तेच केलं. पत्रक लिहिलं. विजेची सूचना नाववाल्याला नको, राहणाऱ्याला द्या, एवढीच मागणी. हिंदीत छापून घेतलं आणि गल्लीत घरोघर सह्या मागत फिरले. सगळ्यांनी वाचलं. सगळे म्हणाले बरोबर आहे. सही कोणी केली नाही. एका घरात बिल मेलेल्या आजोबांच्या नावावर, एका घरात दिल्लीच्या भावाच्या, एका घरात वेगळ्या झालेल्या दिराच्या. चाचांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नाम मत छेड़ो बिटिया. हमारा मुकदमा चल रहा है." अन्याय सगळ्यांना दिसत होता, पण त्याच अन्यायावर प्रत्येकाचं थोडंथोडं घर उभं होतं. वडिलांच्या पत्रकांत शत्रू नेहमी समोर असायचा. हा शत्रू घराघरात चहा पाजत होता.

मग काकांचा स्वतःहून फोन आला. मला नाही, आत्याला. ओटीपी द्यायला ते तयार होते. तिनं फक्त स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं: या घरावर माझा कसलाही हक्क नाही, मी भावाच्या परवानगीनं इथं राहते.

"तू सही करणार नाहीस," मी म्हणाले. "कायद्यानं तुझा वाटा आहे. आपण वकील करू."

"वकील तारीख आणेल," आत्या म्हणाली. बोलताना तिला मध्ये थांबावं लागत होतं. "थंडी आत्ता आहे."

"आत्या, हे ब्लॅकमेल आहे."

"आहे ना. मला शब्द नको सांगूस, मी शाळेत होते." मग जरा दम घेऊन म्हणाली, "तू भांडशील आणि छान भांडशील. पण नळी माझ्या नाकात आहे."

कचेरीतल्या टायपिस्टनं मजकूर करून दिला. आत्यानं तो चष्मा लावून पूर्ण वाचला, 'परवानगीने' या शब्दावर थोडी थांबली आणि सही केली. त्या कागदाचा फोटो पुण्याला गेल्यावर मी पुन्हा खिडकीशी उभी राहिले. काकांनी आकडे एकेक करून वाचले, शिक्षकानं शुद्धलेखन घालावं तसे. बाबू म्हणाला, "देखिए, हो गया. चाचा कितने अच्छे हैं."

त्या आठवड्यात मेसेज माझ्या फोनवर यायला लागले. एकात पुढच्या दुरुस्तीचा दिवस होता, आणि त्या दिवसासाठी मी सिलिंडर आधीच भरून आणला. दुसऱ्यात सल्ला होता: खिडक्यांच्या फटी बुजवा, हीटरची ऊब वाया जाणार नाही. आत्याच्या खाटेमागची खिडकी नदीच्या बाजूची, तिच्या फटींतून कोहरा सरळ आत येतो. मी जाड प्लास्टिक आणलं, खिळे आणले, स्टुलावर चढले आणि हातोडी उचलली.

"थांब," आत्या म्हणाली. "आधी दादाला विचारू."

"खिळ्यासाठी?"

"लिहून दिलंय ना मी."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वर्गात एखादं उत्तर एकदा मान्य झालं की पुढचं गणित त्यावरच करायचं, असं ती मुलींना सांगायची, त्याच आवाजात ती हे बोलली. मी स्टुलावरच उभी राहिले. तिनं फोन लावला, खुशाली विचारली, पुण्याच्या थंडीची चौकशी केली आणि मग खिळ्यांचं सांगितलं. पलीकडे काका विचारात पडले.

"भिंतीत की लाकडात?" त्यांनी विचारलं.

आत्यानं मान वळवून चौकट नीट पाहिली. "लाकडात, दादा," ती म्हणाली.