चावडीमागची खोप

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि म्हणाले, "स्प्लीन वाढलंय." स्प्लीन म्हणजे पानथरी. "मलेरिया आहे, हिवताप. क्विनाइन घेतलं नाहीस तर जगायचा नाहीस."

इतकं तोंडावर बोलल्याचा मला राग आला. पण बरं झालं, त्यामुळं माझी बायको गंगू नीट घाबरली.

आम्ही गवळी धनगर, रानात म्हशी राखून लोणी विकणारे. थंडी दिवसाआड यायची. दोन घोंगड्यांखाली दात वाजायचे, मग अंग भाजून निघायचं. भगत झाला, काढे झाले.

डॉक्टरांनी थोड्या गोळ्या दिल्या. "पुढच्या तुमच्या गावच्या चावडीवर फुकट मिळतील. खंड पाडू नकोस."

इथंच घोडं अडलं. गवत संपलं की आमच्या खोपी हलतात. त्या साली आम्ही दोन गावांच्या शिवेवर होतो. गंगू गोळ्या मागायला गेली, तर वरच्या गावचे पाटील म्हणाले, "तुमच्या खोपी खालच्या गावात." खालचे म्हणाले, "म्हशी वरच्या रानात चरत्यात." चराई मात्र दोघंही चोख घ्यायचे.

गोळ्या संपल्या, थंडी परतली. मला उठवेना. आणखी एक हेलपाटा घालून गंगू रिकाम्या हातानं आली आणि विळा घेऊन आमच्या खोपीच्या दोऱ्या कापायला लागली. आमच्यात माणूस गेला की खोप मोडतात. मी अजून जिवंत होतो, म्हणून फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी भावांनी मला घोंगडीत घालून खालच्या गावात आणलं. चावडीच्या मागंच आमची खोप उभी होती, दारात म्हशी.

पाटील ओरडले, "हितं कुणाला इचारून बांधलीस गं?"

"आप्पा, आता तरी ह्यो तुमच्या गावचा हाय न्हवं?" गंगू म्हणाली. "का अजून न्हाय? मग हितं मेला तर कुठल्या गावात मेला म्हणून सांगशीला?"

पाटील आत गेले आणि क्विनाइनची पुडी घेऊन आले.

गोळीनं तोंड कडू होतं, कानाला दडे बसतात. पण तेवढ्यासाठी ती सोडू नका. माझी पानथरी हळूहळू उतरली. डॉक्टरांचे उपकार आहेत, पाटलांचेही थोडे. गंगूचे कसे फेडणार?

गवत संपल्यावर मी खोप मोडायला गेलो, तर तिनं हात धरला. "ऱ्हाऊ द्या. म्होरल्याला लागंल."

दरसाल आम्ही त्या खोपीवर नवं गवत घालतो. तुमच्यात कुणाला थंडी भरली तर आधी त्याला तिथं नेऊन निजवा. गोळ्या मग मागा.