तळ्याभोवतीची एकशेवीसची वाट

विसाव्या वर्षी ती बांधकामावर घमेली वाहायला लागली. तिशीत थापी हातात आली, तीही कुणी दिली म्हणून नव्हे, तिने हट्टाने घेतली म्हणून. कमरेला दोरीचा गुंडा कायम खोचलेला, त्यामुळे सगळे तिला दोरीबाईच म्हणत.

पन्नाशीत तिला अपंगांच्या एका उपचारकेंद्रात काम मिळालं. तिथल्या बागेत चोवीस मीटर लांब, आठ मीटर रुंद असं लंबगोल तळं होतं, अजून कोरडंच. त्याभोवती फरशीची वाट करायची होती, सगळीकडे एकशेवीस सेंटीमीटर रुंद. चाकाची खुर्ची आणि शेजारून चालणारं माणूस, दोघंही मावायला हवेत. इंजिनिअरने लांबीच्या दोन्ही टोकांना आणि लांब काठांच्या मधोमध एकशेवीस मोजून चुन्याने बाहेरचा मोठा लंबगोल आखला.

दोरीबाईने पहिली फरशी उचलली आणि परत खाली ठेवली.

"ही वाट चार ठिकाणी आवळलीय."

मुकादम वैतागला. "बाई, माल कालवून ठेवलाय. आखलंय तसं लाव."

"लावणार नाही."

"मावशी," इंजिनिअर समजुतीने म्हणाला, "दोन्ही लंबगोल, मध्यही एकच. समांतरच आहेत ते."

'समांतर' या शब्दाने ती पूर्वी एकदा पोळली होती. वळणदार ओट्याची कड तिने फळीवर उतरवून घेतली आणि तीच फळी पुढे सरकवून दुसरी कड आखली. पट्टा मधे रुंद झाला, टोकांना चिंचोळा. तो ओटा तिने स्वतःच्या हातांनी फोडला होता. सरळ रेघ सरकवली तर चालते, वाकडी नाही, हे तेव्हा अंगात भिनलं.

तिने एकशेवीसची पट्टी घेतली, टोकाला काठाशी टेकवायची आखूड फळी आडवी ठोकली, गुण्या लावून काटकोन तपासला. "काठ त्या जागी जिकडे वळतोय, त्याच्या काटकोनात मोजा. तिरकं मोजाल तर पट्टी तुम्हाला हवं तेच सांगेल."

इंजिनिअरने तिने दाखवलेल्या जागी पट्टी धरली. चुन्याची रेघ एकशेसहावरच होती.

"चौदा कमी," तो हळूच म्हणाला.

"मग शेजारचं माणूस पाण्यातून चालणार का?"

मुकादमाचा माल वाळून गेला आणि त्याचं तोंडही दिवसभर थांबलं नाही. ती मात्र हातभर सरकत, काटकोन लावत, खुणा ठोकत गेली. संध्याकाळी खुणांवरून दोरी फिरवली. टोकं आणि मध यांच्या दरम्यानच्या त्या चारही जागी दोरी चुन्याच्या बाहेर गेली होती.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर वहीभर आकडे घेऊन आला. "मावशी, तुमची रेघ लंबगोलच नाही. नुसता मोठा केलेला आकार वेगळा, समांतर वेगळा."

"कालपासून काय सांगतेय मग?"

आता त्याने तिलाच विचारलं, तळ्याच्या आत, काठाला समांतर, दोन मीटरवर कमळांसाठी कट्टा निघेल का. तिने उतरून खुणा केल्या. टोकांशी, जिथे वळण घट्ट होतं, तिथे खुणा एकमेकींना ओलांडून गेल्या. "इतकं आत जाल तर रेघ स्वतःलाच कापते. एक मीटरवर करा." त्याने मान्य केलं.

वाट नऊ दिवसांत झाली. पहिल्यांदा त्या वाटेवरून एक म्हातारा खुर्चीतून निघाला, बायकोचा हात धरून. पूर्ण फेरी झाली तरी त्याला तो सोडावा लागला नाही. दोरीबाईने शेवटच्या सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि ती थापी धुवायला गेली.