बिनतिखटाचा हॉटडॉग

ये, अशी जवळ ये. तू पुण्यात आहे ते मले मालूम आहे, पण जवळ ये म्हंतलं तं ये. कानातले ते बोंडं काढ आन् आत्या काय म्हणते ते एकदा पूर्ण आयक. तुले सवय कशी लागली सांगू का? मी फोनवर बोलाले लागली का तू "हो आत्या, हो आत्या" करतं, आन् तिसऱ्या वाक्याले "मीटिंग आहे" म्हणून ठेवून देतं. घरचं माणूस म्हणजे का बँकेचा फोन आहे का, मधातच कापाले? म्हणून लिहून राह्यली. शाळा मी चौथीच शिकली, पुढचं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचू वाचू शिकली. तं ऱ्हस्व-दीर्घ पाहू नोको, मजकूर पाह्य.

तुझ्या बापाचा तो फोटो तुनं स्टेटसवर ठेवला होता. हातात हॉटडॉग, ओठ मिटून हासून राह्यला. खाली तुनं लिवलं, "बाबांची पार्टी". तो फोटो मीच काढला होता. फोटो काढल्यावर काय झालं ते तुनं इचारलं नाई, आन् मी बी सांगतलं नाई. मले सांगाची बंदी होती. आज सांगतो.

आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत आधी पिठाची गिरणी होती, तिथंच हे दुकान निंगालं. नवरा-बायको दोघंच आहेत. तो नागपूरले एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात होता, बायको इथलीच. पाटीवर लिवलं, "गोर्मे हॉटडॉग", गोर्मे म्हणजे म्हणे भारी चवीचं. पहिले आठ दिवस गल्लीतल्या बाया पुढून जाताना नाकाले पदर लावत. म्हणत, कुत्र्याच्या नावाचं कोण खाईन बाप्पा! मंग एकीच्या लेकरानं घरी आणलं, तिनं त्यातलं अर्धं खाल्लं, आन् आता संध्याकाळी तिथं पाय ठेवाले जागा नसते. तीन टेबलं, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. गिरणीचं जुनं पीठ अजून भितीच्या फटीत बसलं आहे, पंखा जोरात लावला का केसाइवर पडते.

वस्तू चांगली बनवतात, खोटं काऊन बोलू. लांबट पाव लोण्यात दोन्हीकडून शेकतात, मधात सोयाबीन-पनीराची भाजलेली कांडी ठेवतात. चिकनची बी असते, पण तिचा तवा अलग. वरून कच्चा कांदा, मोहरीची पिवळी चटणी, आन् आपला हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्यावालाच जास्त खपते.

तुझी माय गेल्यापासून तुझा बाप पंधरा दिवसांआड तळेगावहून एस.टी.नं माझ्याकडे येते. थैलीत वांगे, पालक, कधी संत्रे. दोन घंटे बसते, बोलत काई नाई, आन् जाते. त्या दिवशी तुनंच फोन केलता, "आत्या, बाबाले ने न त्या दुकानात. घरी तेच तेच खातात. आन् फोटो पाठव." मले बी वाटलं, नेऊन पाहू. मोठ्या बहिणीनं लहान भावाले जत्रेत नेल्यासारखं मी त्याले घेऊन गेली.

दुकानवाल्यानं इचारलं, "काकाजी, ठेचा डबल टाकू?"

"नोको गा. बिनतिखटाचा दे."

"बिनतिखटाचा? गाव कोणतं तुमचं?"

"तळेगाव."

"तळेगावचा माणूस आन् बिनतिखट? मंग तुमाले रस्त्यात कोणीतरी बदलून देलं, काकाजी!"

सारे हासले, तुझा बाप बी हासला. मी तं अभिमानानं सांगतलं, "माह्या भावानं बायको गेल्यापासून तिखट सोडलं." बाजूच्या टेबलावरची एक बाई हात जोडून म्हणे, "असे माणसं राह्यले नाई आता."

पोरी, आमी सारे तसंच समजत होतो. ज्या माणसाले वरणात बी वरून लाल तिखट लागे, त्यानं मिरची सोडली. भाकर दुधात कुस्करून खाऊ लागला. गोष्टी सांगणं कमी झालं, हासला तं ओठ मिटून. आमी म्हंतलं, माणूस विरक्त झाला. तुझ्या मायच्या वर्षश्राद्धाले भावकीतल्या म्हाताऱ्यानं साऱ्यांपुढं सांगतलं, पाहा, जीव लावणं याले म्हणतात. तुझा बाप खाली मान घालून आयकत होता. खरं कारण कसा सांगन? घरी ताटापुढं त्याच्यासमोर बसणारं कोणी नाई. तुझी माय असती तं पहिल्या घासाले तिनं ओळखलं असतं.

तर फोटो काढला, तुले पाठोला, आन् मी माह्या हॉटडॉगले लागली. चार घास झाल्यावर पाह्यलं तं तुझ्या बापाचा तसाच. आधी सरळ धरून पाह्यला, मंग आडवा केला. समोरच्या दातानं कांडी दाबून पाह्यली, तं ती पुढून सरकून ताटलीत पडली आन् पिवळी चटणी मिशीले लागली. मंग तो पावाचे बारके बारके तुकडे करून, गोळी घेतात तसा एक एक आत सारू लागला.

मी मूर्ख बाई. मोठ्यानं म्हंतलं, "अरे, चिमणीसारखा काय टोचून राह्यला? माणसासारखा खाय न! आ कर मोठा!"

साऱ्या दुकानानं वळून पाह्यलं. त्यानं पाव खाली ठेवला, रुमालानं मिशी पुसली. "भरलं बाई पोट माहं."

दुकानवाली तव्यापाशी उभी होती. ती आली, हातात सयपाकाची कैची. काई इचारलं नाई. त्याची ताटली ओढली, पाव कापला, कांडी कापली, करंगळीच्या नखाएवढे तुकडे केले, वरून कोमट दूध सोडलं आन् चमचा ठेवला.

"मी का लेकरू आहो का?" तुझा बाप म्हणे.

"नाई काकाजी. आमच्या मामाजीले मी असंच कापून देत होती."

मामाजी म्हणजे तिचा सासरा. मी इचारलं, "आता बरे आहेत का व ते?"

ती तव्याकडे गेली. तिचा नवरा कांदा कापत होता, त्याचा हात थांबला आन् मंग पुन्हा चालू झाला. तुझ्या बापानं चमचा उचलला आन् ताटलीतलं सारं खाल्लं, एक तुकडा ठेवला नाई. त्याले भूक होती, पोरी. किती दिवसांची होती कोण जाणे.

निंगताना तिनं मले बाजूले घेतलं. "काकू, घरी गेल्यावर त्याहिले आपलेच तीन बोटं उभे तोंडात घालाले सांगजा. जात नसतीन तं दवाखान्यात न्या. आमी उशीर केला."

घरी येऊन मी दार लावलं. म्हंतलं, तोंड उघड. तो म्हणे, येडी झाली का बाई. मी म्हंतलं, आपल्या मायनं मरताना तुले माह्या हातात देलं होतं, उघड. त्यानं बोटं घातले. एक गेलं. दुसरं अर्ध्यावर अडकलं. डोळ्यात पाणी आलं त्याच्या, दुखून आलं का कशानं, मी इचारलं नाई. बॅटरी लावून पाह्यलं तं गालाच्या आतून पांढरं, कडक, आन् मागं एक जखम.

"कवापासून आहे?"

"जाईन ते आपोआप."

"कवापासून?"

"तुझी भावजय गेली त्याच्या आधीपासून तोंड आखडून राह्यलं. जखम दिवाळीपासून."

खर्रा, दुसरं काय. तुले मालूमच आहे, आपल्याकडे पाहुणा आला का आधी पाणी, मंग खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून पुडी पुढं करतात, नाई केली तं माणसाले वाटते, आपलं येणं आवडलं नाई. आन् मी काय केलं माहीत आहे? भाऊबीजेच्या ताटात सुपारी ठेवतात न, ओवाळाले? तिथं मी दरवर्षी त्याच्या आवडीच्या ठेल्यावरून खर्रा आणून ठेवत होती. सारे हासत. तो म्हणे, माह्या बहिणीसारखी बहीण नाई. साडी देऊन जाये मले. किती वर्षं मी त्याले ओवाळलं असं. मले ते ताट आता डोळ्यापुढून जात नाई. कोणी म्हणते, बाई तुमचा काय दोष, सारेच खातात. सारेच खातात, ते खरं आहे. पण ताट माह्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी त्याले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण लहान वयाची होती, चांगलं बोलली. म्हणे तोंड आखडलं ते खर्ऱ्यानं, पण जखमेचा बारका तुकडा काढून तपासल्याशिवाय मले काई सांगता येत नाई. कागद पुढं केला, घरच्याची सही पाहिजे. मी म्हंतलं, आणा, मी करतो. तं तुझा बाप म्हणे, "सही माही पोरगी करन. दुसरं कोणी नाई." तिनं म्हंतलं, मंग पोरीले बोलवा. हाव म्हणून हा उठला, चपला घातल्या आन् बाहेर.

फाटकापाशी मी म्हंतलं, लाव फोन तिले. तं हात धरून म्हणे, "पोरीले सांगशील तं तुले माह्या गळ्याची आन आहे, शपथ."

"अरे, सही तीच करन म्हणतं, आन् तिले सांगाचं बी नाई?"

"हाव."

काऊन, ते तुले समजलं असन. तुझी माय बिमार होती तवा तू नोकरी सोडून आलती. तिची उष्टी भांडी, तिचं औषध, समदं तुनं केलं. मंग दुसरी नोकरी भेटता भेटता तू किती वाळली, ते त्यानं पाह्यलं. आता पक्की झाली म्हणून तुनं पेढे पाठोले, ते त्यानं साऱ्या वस्तीत वाटले. स्वतः एक खाल्ला नाई. तवा बी मले वाटलं, विरक्त आहे. त्याचं म्हणणं, एकदा मायसाठी पोरीनं सोडलं, आता बापासाठी सोडन, मंग तिच्या हाती काय राहीन?

डॉक्टरणीनं तुकडा काढाची तारीख देलती, ती गेली. मंग दुसरी बी गेली. कधी संत्र्याले पाणी देणं आहे, कधी लाइन नाई, कधी कोणाचं लगन. पण इकडे पंधरा दिवसांआड येते मातर. आल्यावर स्वतःच म्हणते, चाल बाई, तिथं जाऊ. त्याले ते दुकान आवडून राह्यलं, कारण तिथं कोणी इचारत नाई. आमी दिसलो का दुकानवाली कैची घेते. आधी बारके तुकडे करे. पुढं ते चमच्यानं कुस्करून देऊ लागली, कांदा नाई, मोहरी नाई. आता त्याले हॉटडॉग तरी कोण म्हणन? पण ती पावती-बिवती सारं हॉटडॉगचंच करते, ताटली बी तीच, बाकीच्या लोकाइची असते तशी. आन् तुझा बाप पाठ लोकाइकडे करून, चाटत चाटत, अर्धा घंटा खाते. मी समोर बसतो. मले भूक नसली तरी एक मागवतो, नाई तं त्याले वाटन, ही आपल्याकडे पाहून राह्यली.

मांगच्या खेपेले पावाचा कुस्करा बी उतरला नाई. दूध तेवढं पिलं. रुमाल खिशात घालताना खाली पडला, मी उचलला. त्याच्यावर रक्त होतं. दुकानवालीनं बी पाह्यलं. तिनं आमची ताटली उचलली आन् मले इतकंच म्हंतलं, "काकू, कोणाले बलावाचं असन तं आता बलावा."

म्हणून आन मोडली. भावाच्या गळ्याची आन मोडून मी हे लिवलं. मले नरकात जावं लागन तं जाईन, तिथं बी मले कोणीतरी ओळखीचं भेटनच. त्याच्यापुढं मी हारली. मी रडली, रागावली, जेवण सोडून पाह्यलं. तो म्हणते, पुढच्या महिन्यात. डॉक्टरीण म्हणते, तपासल्याशिवाय वाईटच आहे असं मनात धरू नका. हे मी बी धरून बसली आहो. पण तपासाले तो बसत नाई, आन् सही तुझ्याशिवाय कोणाची घेत नाई.

नोकरी सोडू नोको. हे आधी आयक, बाकीचं मंग. चार दिवसाची सुट्टी काढ. रडत फोन नोको करू त्याले, तो शेतात जाऊन बसन आन् फोन बंद करन. तळेगावले बी जाऊ नोको, सरळ माह्याकडे उतर. येत्या शनवारी तो येणार आहे, दुपारच्या एस.टी.नं. तू आधी येऊन ओसरीवर बसजो. तुले पाह्यल्यावर तो मले शिव्या देईन, देऊ दे. मंग आपण तिघं मिळून दवाखान्यात जाऊ, कागदावर तू सही करजो. येजो माय, या शनवारी येजो. लवकर येजो.