पुढच्या अंकातली कविता

कपाट आवरताना विद्यापीठाच्या वार्षिक अंकाची जुनी प्रत हाती आली. नागपुरात शिकताना मी त्याचा विद्यार्थी-संपादक होतो. जवळच्या कुही गावच्या वर्गमित्राने याच्या आदल्या वर्षीच्या अंकासाठी आईवर कविता दिली होती. "माय बिमार आहे. छापून आली का तिले वाचून दाखवतो," म्हणाला होता. ऐन छपाईच्या वेळी गांधीबागेतल्या साडीवाल्याची पानभर जाहिरात आली आणि मी नेमकी तीच कविता काढली. "पुढच्या वर्षी पहिल्या पानावर घेतो," म्हटलं. "चालते गा," तो म्हणाला. घेतलीही. प्रत द्यायला गेलो, तर त्याने डोकं भादरलेलं. उभ्या उभ्या त्याने कविता वाचली आणि अंक परत माझ्या हातात ठेवला. "आता कोणाले वाचून दाखवू?" आज त्याच प्रतीतून मी ती कविता मोठ्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्या ओळीवरच थांबलो.