हेडबाईंची कॉपी

हेडबाई नोकरीत होत्या तोवर त्यांच्या शाळेत कॉपी करून पास झाल्याचा दावा कोणी केलेला नाही. चिठ्ठी बाहीत असो, बुटात असो नाहीतर कंपासपेटीच्या झाकणाला चिकटवलेली असो, बाईंना तिचा वास यायचा. बाईंना पाठीलाही डोळे आहेत, असं पोरं म्हणायची. पाठीचं ठाऊक नाही, पण निवृत्त झाल्यावर पुढच्या दोनांपैकी उजव्या डोळ्यात गाठ निघाली. आतल्या बाजूला, काळी, कॅन्सरची.

पहिल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, डोळा काढावा लागेल. "तुमचा काढा," म्हणाल्या बाई आणि पर्स उचलून चालत्या झाल्या. मग धाकट्या बहिणीने त्यांना जवळजवळ बखोट धरून दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे अशा गाठीवर नवं औषध तयार करत होते आणि ते घेऊन बघायला तयार असलेली माणसं त्यांना हवी होती.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, "औषध सुईने डोळ्यात सोडतो. ते फक्त गाठीच्या पेशींना चिकटतं आणि गप्प बसतं. मग लेझरचा प्रकाश टाकला की जागं होतं आणि चिकटलंय तेवढंच मारतं."

"म्हणजे दंगा करणाऱ्यालाच छडी, शेजारच्याला नाही," बाई म्हणाल्या. "आम्हाला हे जमायला अख्खी हयात लागली."

"आमचीही चाललीच आहे," डॉक्टर म्हणाले. बाईंना माणूस आवडला.

औषध किती द्यावं, निरोगी भागाला त्याचा त्रास किती होतो, हे मात्र अजून ठरायचं होतं. म्हणून दर खेपेला डावा डोळा झाकून, उजव्याने भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीत लावलेला अक्षरांचा फळा वाचायचा. इथे बाईंच्या डोक्यात एक खूळ शिरलं. नजर कमी झाली की आपल्याला नापास करून घरी पाठवणार आणि मग डोळा काढणार! असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. जास्त प्रश्न विचारणाऱ्यावर पहिला संशय येतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

तेव्हा बाईंनी कॉपी केली. हो, बाईंनीच! फळा आधीपासून लावलेला असायचा. आत शिरताना चष्मा पुसायच्या निमित्ताने त्या दारात रेंगाळायच्या आणि शाबूत डाव्या डोळ्याने ओळी टिपून घ्यायच्या. ग, म, ल, ब, प म्हणजे 'गाढव माझ्या लग्नात बसून पेंगलं'. र, स, त, न, ख म्हणजे 'राणी सासूच्या ताटातलं नेहमी खाते'. मग डोळा झाकून खुर्चीत बसायचं आणि घडाघडा म्हणायचं. तपासणारी ताई कौतुकाने म्हणायची, "बाई, कमाल आहे तुमची!" आणि बाई लाजायच्या. मेल्या, लाजायच्यासुद्धा!

बाहेरच्या बाकावर एक ट्रक ड्रायव्हर भेटायचा. त्यालाही तशीच गाठ, तेच औषध, पण तो पुढच्या गटातला, बाईंच्या गटाचं बघून मग डोस ठरायचा त्यातला. "एका डोळ्यावर गाडी कोण देणार हो बाई?" म्हणून रडवेला व्हायचा. बाईंना कळवळा आला. त्यांनी त्याच्या कानात ते गाढव सोडलं. जन्मभर चिठ्ठ्या जप्त केलेल्या बाईंना चिठ्ठी पुरवताना काय गुदगुल्या झाल्या!

एके दिवशी मात्र नर्सने बाहेरच डाव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली. बाईंना दारात रेंगाळून उपयोग नव्हता, पण फिकीर कोणाला? पाठ होतंच. खुर्चीत बसल्या, समोर उजेड दिसला आणि ताई काही बोलायच्या आत गाडी सुरू झाली. गाढव पेंगलं, राणीने सासूचं ताट फस्त केलं, खालच्या बारीक ओळीसुद्धा बाईंनी दणक्यात संपवल्या.

"बाई," ताई हळूच म्हणाली, "फळा अजून माझ्या हातात आहे. मी पुसत होते. समोर नुसता दिवा आहे."

"मग लाव की लवकर!" बाई खेकसल्या. चोर तो चोर, वर शिरजोर.

तिने फळा लावला. "आता वाचा."

बाईंनी मान पुढे काढली, तिरकी केली, डोळा बारीक केला. मघाशी होतं तेच पांढरं होतं. फळा असला काय नि नसला काय, त्यांना काही फरक कळेना. पाठांतराच्या नादात आपला डोळा कुठवर गेला, हे त्यांनी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

मोठे डॉक्टर आले, दुर्बिणीतून डोळा पाहिला. रागावले नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं बाईंना वाटलं.

"गाठ आक्रसतेय," ते म्हणाले. "पण आत सूज आहे. ती मागेच दिसली होती. तुम्ही इतकं छान वाचत होता, म्हणून आम्ही काणाडोळा केला. नजर कमी झाली म्हणून आम्ही कोणाला काढत नाही हो बाई. नजर कमी झाली की आम्हाला कळतं, औषध जास्त होतंय."

"सूज उतरेल?"

"प्रयत्न करू. उशीर झालाय." त्यांनी दुर्बीण बाजूला सारली. "तुम्हाला काही त्रास नाही असं धरून पुढच्या गटाचा डोस वाढवलाय. ड्रायव्हरदादांना आज तोच द्यायचा होता, तो थांबवायला सांगितलंय."

बाई उठल्या. पट्टी काढली आणि थेट बाहेर गेल्या. नर्सने ड्रायव्हरला नुकतंच घरी जायला सांगितलं होतं आणि तो तणतणत होता, "सुट्टी घेऊन आलोय मी! कोणामुळे झालं हे?"

"माझ्यामुळे," बाई म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

तो ऐकत राहिला. मग त्याचा आवाज चढला. "आणि माझा डोळा गेला असता तर?"

त्या बाकाच्या टोकाला बसल्या. तो पिशवी उचलून जिन्यापर्यंत गेला, थांबला, परत आला आणि मध्ये बरीच जागा सोडून बसला.

"खरंच काही दिसलं नाही?"

"नाही."

"घाबरलात?"

"हो रे," हेडबाई म्हणाल्या. "फार घाबरले."